ख्रिस्तपुराणकार फादर थॉमस स्टीफन्स

जानेवारी २०२० मध्ये आपल्या जिल्ह्याच्या गावी ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. गावाचे नाव तेव्हा उस्मानाबाद होते. २०२३ पासून ते धाराशिव झाले. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. २०२४ च्या जुलैमध्ये ते प्रभूकडे गेले. एका कॅथोलिक धर्मगुरूची या पदावर निवड होण्याची ती पहिलीच वेळ. त्यामुळे संमेलनाच्या दिवसांत चहाच्या टपरीवर आणि एसटी स्टँडवर एकच प्रश्न ऐकू येत होता, की फादर लोकांचा मराठीशी संबंध तो काय? संबंध चारशे वर्षांचा आहे, आणि त्याच्या मुळाशी इंग्लंडमधील एका खेड्यातून आलेला एक येशूसंघीय धर्मगुरू आहे. त्यांचे नाव फादर थॉमस स्टीफन्स. त्यांचे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेले असते. मराठीची थोरवी सांगणाऱ्या त्यांच्या ओव्या काहींनी शाळेच्या पुस्तकातही वाचल्या असतील. त्यांचा ग्रंथ आपल्या हाती कसा आला, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. म्हणून या रविवारी त्यांचे चरित्र.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातील बुश्टन या खेड्यात झाला. वडील व्यापारी होते. इंग्लंडमध्ये तेव्हा कॅथोलिक श्रद्धा उघडपणे जगणे कठीण झाले होते. थॉमस पाऊंड नावाच्या मित्राबरोबर रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश घ्यायचा, असे त्यांनी ठरविले. निघण्याआधीच पाऊंड पकडले गेले आणि त्यांच्या आयुष्याची जवळजवळ तीस वर्षे तुरुंगात गेली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि १५७५ मध्ये संघात दाखल झाले. एकाच बेतातून निघालेले हे दोन मित्र, एक कोठडीत राहिला आणि दुसरा समुद्रापार गेला.

४ एप्रिल १५७९ रोजी ते लिस्बनहून जहाजावर चढले व २४ ऑक्टोबरला गोव्यात उतरले. साडेसहा महिन्यांहून अधिक प्रवास! उतरल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनी वडिलांना पत्र लिहून वारे, मासे, पक्षी आणि खलाशांचे आजार यांची हकीकत कळविली. ते पत्र १५८९ मध्ये इंग्लंडमध्ये छापले गेले. हिंदुस्थानात येऊन स्थायिक झालेले पहिले इंग्रज म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. १५८३ मध्ये राल्फ फिच व त्याचे सोबती हे इंग्रज व्यापारी गोव्यात तुरुंगात पडले, तेव्हा त्यांना जामिनावर सोडविण्याच्या खटपटीत स्टीफन्सही होते.

१५८० मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि पुढची सुमारे चाळीस वर्षे त्यांनी दक्षिण गोव्यातील सासष्टीत काढली. तो काळ सुखाचा नव्हता. पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली होती आणि जुन्या धर्माचे ग्रंथ जप्त केले होते. १५८३ च्या जुलैमध्ये कुंकळ्ळी येथे फादर रुदोल्फ आक्वाविवा यांच्यासह पाच येशूसंघीय मारले गेले. त्यांचे देह परत मिळविण्याचे दुःखद काम स्टीफन्स यांनी केले. पुढे पोर्तुगीजांनी गावच्या म्होरक्यांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून कपटाने ठार मारले. आपल्या हुतात्म्यांची आठवण काढताना ही दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, असे आम्हाला वाटते.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्टीफन्स यांनी पॅरिसमधील आपला भाऊ रिचर्ड याला पत्र लिहिले. त्यात माडाच्या झाडाचे वर्णन आहे, पण महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. इथल्या भाषा पुष्कळ आहेत आणि त्यांची घडण ग्रीक व लॅटिनसारखी आहे, असे त्यांनी भावाला कळविले. सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात हाच विचार मांडला तो १७८६ मध्ये, म्हणजे दोनशे वर्षांनी. देवळे आणि ग्रंथ यांची धूळधाण चालू असताना हा परदेशी माणूस त्याच लोकांच्या भाषेचे व्याकरण कान देऊन ऐकत होता. त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाचे बी या ऐकण्यात आहे.

स्टीफन्स दोन भाषा शिकले, आणि त्यांचा घोळ करू नये. घरात व रस्त्यावर बोलली जाणारी कोकणी ही एक, आणि पुराण-कीर्तनाची मराठी ही दुसरी. कोकणीचे व्याकरण त्यांनी लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, फादर दियोगो रिबेरो यांनी भर घातल्यावर, १६४० मध्ये रायतूर येथे छापले गेले. कोकणीतील त्यांचे धर्मशिक्षणाचे पुस्तकही मृत्यूनंतरच, १६२२ मध्ये निघाले. मात्र येशूची कथा सांगण्यासाठी त्यांनी मराठी ओवी निवडली. नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे गेली होती आणि त्या जागी गाण्यासारखे, ऐकण्यासारखे काही नव्हते. ती मागणी ग्रंथातच गुरू आणि श्रोते यांच्या संवादातून आली आहे.

त्याच काळात आपल्या मराठवाड्यात, पैठणला, संत एकनाथ लिहीत होते; १५९९ मध्ये त्यांनी देह ठेवला. स्टीफन्स यांच्या ओवीत ज्ञानेश्वर-एकनाथांच्या वाचनाच्या खुणा अभ्यासकांना दिसतात. स्वर्गाला ते वैकुंठ म्हणतात. मराठीची स्तुती करताना ते फुले, सुगंध, पाखरे, झाडे आणि तारे यांच्या ओळीने उपमा देतात, आणि त्या इथल्याच मातीतल्या आहेत. त्यांच्या ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याच्या आगमनाच्या वाटेपर्यंतची जुन्या कराराची कथा ३६ अध्यायांत येते, दुसऱ्यात प्रभूचे चरित्र ५९ अध्यायांत. अध्यायाला ते अवस्वरू म्हणतात. ओव्या एकूण १०,९६२. दिवसभर धर्मग्रामाचा व्याप सांभाळून हे लिहिले गेले, हे ध्यानात घेतले म्हणजे आकडा मोठा वाटू लागतो.

आता छपाईची गोष्ट. गोव्यात छापखाना १५५६ मध्येच आला होता, पण नागरी अक्षरांचे खिळे नव्हते. १६०८ मध्ये स्टीफन्स यांनी रोमला आपल्या वरिष्ठांना पत्र पाठवून इथल्या लिपीत छापण्याची सोय मागितली. जोडाक्षरांमुळे सहाशेच्या आसपास साचे लागतील, पण ते दोनशेपर्यंत खाली आणता येतील, असा हिशेबही त्यांनी दिला. ज्याने हे गणित मांडले, त्याने अक्षर न् अक्षर सुटे करून पाहिले असणार. ती सोय झाली नाही. १६१६ मध्ये रायतूर येथे ग्रंथ छापला गेला तो रोमन लिपीत, पोर्तुगीज नावाने. ख्रिस्तपुराण हे लोकांच्या तोंडी रुळलेले नाव. तीन वर्षांनी, १६१९ मध्ये, फादर स्टीफन्स प्रभूकडे गेले.

इथपर्यंतचे चरित्र बहुतेक पुस्तकांत सापडते. माणूस गेला, पण ग्रंथाचे आयुष्य आता कुठे सुरू झाले होते. १६४९ आणि १६५४ मध्ये तो पुन्हा छापला गेला. चर्चमध्ये तो गायला जाई आणि लोक ऐकायला बसत. पुढे राज्यकर्त्यांचे मन फिरले. २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय कोंदि दी आल्व्होर याने फर्मान काढले, की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. आपल्या जिल्ह्यातील वडीलधाऱ्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत इथे निजामाचे राज्य होते, कारभार व वरचे शिक्षण उर्दूतून होते, आणि घरची मराठी शाळेच्या दाराबाहेर ठेवावी लागे. हुकूम काढला म्हणून भाषा मरत नाही, पण तिचे कागद मात्र विरून जातात. १७५९ मध्ये पोर्तुगीज राजवटीने येशूसंघीयांनाही हाकलले आणि त्यांच्या शाळा व ग्रंथसंग्रह विखुरले गेले.

परिणाम असा, की १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज जगात कोठे असल्याचे माहीत नाही. तेरणेच्या काठी तेरला जाऊन पाहा. गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी वेचलेल्या वस्तूंवर तिथले शासकीय वस्तुसंग्रहालय उभे आहे. सातवाहन काळातील मातीच्या मूर्ती आणि हस्तिदंती बाहुली दोन हजार वर्षे जमिनीत टिकली. कागदाला ते भाग्य नाही. कोकणच्या दमट हवेत वाळवी आणि बुरशी यांना कोणत्याही फर्मानाची गरज लागत नाही.

मग पुराण वाचले कसे? लोकांनी ते हाताने उतरवून घेतले. गोव्यातून दक्षिणेला कानडा मुलखात, मंगळूरकडे, जी कॅथोलिक कुटुंबे गेली त्यांनी ते बरोबर नेले. कोणी एक प्रत केली, तिच्यावरून मुलाने दुसरी केली. घरी गायचे म्हणून वही हवी, आणि वही फाटली की नवी करायची, एवढाच त्यांचा हिशेब. त्यांच्यातले बहुतेक जण कोण होते हे कुठेच लिहिलेले नाही. त्या हस्तलिखितांवरून जे. एल. सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरला ख्रिस्तपुराण छापले. मधल्या अडीचशे वर्षांचा पूल या घरच्या वह्यांनी बांधला आहे.

दुसरी वाट लंडनमधून आली. विल्यम मार्सडेन हा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत सुमात्रात राहिलेला विद्वान. त्याने जमविलेला पुस्तकांचा व हस्तलिखितांचा संग्रह १८३५ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजला दिला आणि पुढे तो तेथील पौर्वात्य विद्यांच्या शाळेकडे आला. त्यात ख्रिस्तपुराणाची देवनागरीतील प्रत होती. ती काय आहे हे ओळखले जस्टिन अ‍ॅबट यांनी, १९२० नंतरच्या दशकात. अ‍ॅबट हे अमेरिकन मराठी मिशनचे प्रॉटेस्टंट मिशनरी. एकनाथ-तुकारामादी संतांना इंग्रजीत नेण्याचे मोठे काम त्यांचेच. कॅथोलिक धर्मगुरूचा ग्रंथ प्रॉटेस्टंट अभ्यासकाने शोधावा, ही ऐक्याची गोष्ट आम्हाला फार आवडते.

या प्रतीने एक कोडेही घातले. मंगळूरकडच्या रोमन प्रतींत धर्मविषयक अनेक शब्द पोर्तुगीज आहेत. लंडनच्या प्रतीत त्या जागी संस्कृत शब्द येतात. मग स्टीफन्स यांनी मूळ लिहिले ते कोणते? त्यांनी नागरीत लिहिले आणि छपाईसाठी रोमन केले, की कोणी मागाहून संस्कृत शब्द घातले? अभ्यासकांत अजून एकमत नाही. एकच प्रत उरली असती तर हा प्रश्न पडलाच नसता, आणि पुराण आपल्याला पुरते कळले आहे असे आपण समजून चाललो असतो.

पोर्तुगालमधील ब्रागा शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात याच काळातील आणखी काही हस्तलिखिते आहेत. रामायण-महाभारताच्या कथा, कोकणी आणि मराठीत, पण रोमन लिपीत. सासष्टीच्या येशूसंघीयांनी त्या भाषा शिकण्यासाठी उतरवून घेतल्या होत्या. ज्यांच्या काळात गोव्यात हे ग्रंथ नष्ट झाले, त्यांच्याच वहीत त्यांचा काही अंश उरला. यात अभिमान किती बाळगायचा आणि लाज किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. आम्हाला दोन्ही वाटतात.

ज्यांना ग्रंथ वाचायचा आहे त्यांच्यासाठी देवनागरी आवृत्त्या आहेत. शांताराम बंडेलू यांची १९५६ ची, कारिदाद द्रागो यांची १९९६ ची, आणि फादर नेल्सन फाल्काव यांची, जिच्यात ओव्यांबरोबर आजच्या मराठीत गद्य अर्थ दिला आहे. पहिल्यांदा वाचणाऱ्याने शेवटचीच घ्यावी. भाषा जुनी आहे. पहिली पंचवीस-तीस पाने जड जातात, मग चाल सापडते. एकट्याने डोळ्यांनी वाचण्यापेक्षा दोघा-तिघांनी मोठ्याने वाचले तर लवकर सापडते.

आपल्याकडच्या खेड्यांतही भजनी मंडळींच्या वह्या आहेत. आजोबांनी बोरूने किंवा शिसपेन्सिलीने लिहिलेली ख्रिस्ती भजने, नाताळची गाणी, जात्यावर म्हटलेल्या येशूच्या ओव्या. काही कपाटात आहेत, काही माळ्यावर. दिवाळी-नाताळच्या साफसफाईत त्या रद्दीवाल्याकडे जाण्याआधी मिस्सानंतर फादरांना दाखवाव्यात. फोटो काढून वही त्याच दिवशी परत मिळेल. भजन कोणी रचले हे माहीत असल्यास एका चिठ्ठीवर लिहून आत ठेवावे, आणि ज्यांना चाल येते त्यांनी ती एकदा म्हणून दाखवावी.