वाराणसीच्या बंगाली टोल्यातील मराठी क्रांतिकारक : विष्णु गणेश पिंगळे

वाराणसी : काशीक्षेत्राशी महाराष्ट्राचे नाते घाट, मठ आणि वेदपाठशाळा यांच्यापुरते मर्यादित नाही. 1914च्या अखेरीस येथील बंगाली टोल्यातील एका घरात अमेरिकेहून परतलेला एक मराठी तरुण रासबिहारी बोस यांच्या भेटीस आला. पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरे येथे 2 जानेवारी 1888 रोजी जन्मलेले विष्णु गणेश पिंगळे ते हेच.

पिंगळे यांत्रिकी अभियांत्रिकी शिकण्यासाठी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात गेले आणि तेथे गदर पक्षाशी जोडले गेले. महायुद्ध सुरू होताच कर्तारसिंग सराभा यांच्यासमवेत ते ‘सालामिस’ जहाजाने नोव्हेंबर 1914मध्ये कलकत्त्यास उतरले. हजारो माणसे मायदेशी परतत आहेत, ही वार्ता त्यांनी काशीस पोहोचविली. माणसे होती, प्रश्न शस्त्रांचा, त्याहून अधिक दारूगोळ्याचा होता.

1878च्या शस्त्र कायद्यामुळे परवान्याशिवाय बंदूक बाळगणे हा गुन्हा होता. 26 ऑगस्ट 1914 रोजी कलकत्त्यात रॉडा कंपनीच्या मालातून क्रांतिकारकांनी 50 माऊझर पिस्तुले आणि 46 हजार काडतुसे पळविली. हे अर्ध-स्वयंचलित लष्करी धाटणीचे हत्यार. त्याची लाकडी पेटीच मुठीला जोडली की ते रायफलप्रमाणे खांद्याला लावून झाडता येई. या लुटीत पिस्तुलांइतकेच, किंबहुना अधिक, मोल काडतुसांचे होते. ज्या मापाच्या नळीसाठी काडतूस घडविले, त्याच नळीत ते चालते. दुसरे भरले तर गोळी अडते, क्वचित नळीच फुटते आणि घाव झाडणाऱ्यावरच येतो.

हाती असलेला दारूगोळाही निर्धोक नव्हता. 18 नोव्हेंबर 1914च्या रात्री काशीतच बॉम्बच्या दोन टोप्या तपासत असताना त्यांचा स्फोट झाला. रासबिहारी आणि शचींद्रनाथ सान्याल दोघेही जखमी झाले. बॉम्ब फोडण्यासाठी बसवायची ती इवलीशी टोपी धक्क्यानेही पेटते, आणि असा माल बंगालमधून आगगाडीने, गर्दीतून, प्रवाशांच्या सामानासोबत काशीस आणला जात होता. बॉम्ब पुढे पंजाबला पोहोचविण्याचे काम ज्यांच्याकडे होते, त्यांत विनायकराव कापले हा आणखी एक मराठी तरुण होता. या अपघातानंतरच रासबिहारी बंगाली टोल्यात राहावयास आले.

खरी भिस्त छावण्यांवर होती. देशी पलटणींच्या हातातील .303 रायफली आणि त्यांची काडतुसे एकाच कोठारात होती. सैनिक फिरले की दोन्ही एकदम हाती येणार, असा हा हिशेब. तो चुकीचा म्हणता येत नाही. पिंगळे आणि सान्याल यांनी पंजाबशी संधान बांधले. उठावाचा दिवस 21 फेब्रुवारी 1915 ठरला. फितुरीचा संशय येताच तो 19 तारखेवर आणला. तरीही सरकारला सुगावा लागलाच. लाहोरमध्ये धरपकड झाली. बदललेली तारीख काशीपर्यंत पोहोचलीच नाही! येथील तरुण 21च्या सायंकाळी कवायतीच्या मैदानावर उठावाची वाट पाहत थांबले होते.

रासबिहारी आणि पिंगळे निसटून काशीस परतले. रासबिहारी पुढे मे महिन्यात जपानकडे निघाले. पिंगळे मात्र काशीतील साठ्यातले बॉम्ब घेऊन मेरठला गेले. 23 मार्च 1915 रोजी 12व्या घोडदळाच्या छावणीत ते पकडले गेले, तेव्हा त्यांच्याजवळच्या पत्र्याच्या पेटीत दहा बॉम्ब होते. त्यांतील काहींवर टोप्या चढविलेल्याच होत्या. काशीतील स्फोटाची हकिकत ठाऊक असलेल्या माणसाने अशी पेटी बाळगून केलेला तो प्रवास कसा झाला असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. अर्धी पलटण उडविण्यास तो साठा पुरेसा होता, असे सरकारी चौकशी समितीने पुढे नोंदविले.

लाहोर कटाच्या पहिल्या खटल्यात 24 जणांना फाशीची शिक्षा झाली; 17 जणांची पुढे जन्मठेपेवर आली. उरलेल्या सातांत सराभा आणि पिंगळे होते. 16 नोव्हेंबर 1915 रोजी लाहोरच्या मध्यवर्ती तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली. पिंगळे तेव्हा अवघे 27 वर्षांचे होते.

जर्मन पैशाने अमेरिकेत खरीदलेली शस्त्रे त्या वर्षी खरोखरच हिंदुस्थानसाठी निघाली होती. ‘ॲनी लार्सन’ या जहाजावर सुमारे आठ हजार जुन्या स्प्रिंगफील्ड रायफली होत्या, स्पेन-अमेरिका युद्धाच्या काळातल्या, आणि त्यांच्यासोबत सुमारे 40 लाख काडतुसे. रायफली जुन्या असल्या तरी काडतुसे बरोबर धाडण्याचे भान ठेवले गेले होते. त्या मापाचा पुरवठा हिंदुस्थानातील लष्करी कोठारांतून होणे शक्यच नव्हते. ठरलेल्या दुसऱ्या जहाजाची गाठ पडली नाही. जूनच्या अखेरीस ‘ॲनी लार्सन’ वॉशिंग्टन राज्यातील होक्विअम बंदरास लागले आणि अमेरिकी अधिकाऱ्यांनी माल जप्त केला. पिंगळे शिकले ते याच राज्यात. त्या दिवशी ते लाहोरच्या कोठडीत होते.