सावित्रीमाईंचे घर आणि आजचा कायदा

नको असलेला गर्भ राहिलेली स्त्री सर्वांत आधी काय मागते? वकिलीच्या निमित्ताने अशा भगिनी आमच्यापुढे बसल्या, तेव्हा कळले की त्या आधी कलम विचारत नाहीत. कोणी नावे ठेवू नयेत, बोभाटा करू नये आणि जवळ आपले एक माणूस असावे, एवढीच त्यांची अपेक्षा असते. ही अपेक्षा दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले यांनी ओळखली होती.

३ जानेवारी १८३१ रोजी नायगाव (जि. सातारा) येथे त्यांचा जन्म झाला. नवव्या वर्षी लग्न, जोतीरावांकडून शिक्षण, १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा, हे वाचकांस पाठ आहे. आम्हास पुढचे सांगावयाचे आहे.

उच्चवर्णीय विधवेस पुनर्विवाहाची चोरी होती. तिला फसविणारा पुरुष उजळ माथ्याने फिरे. तिच्यापुढे मात्र चोरून गर्भ पाडणे, विहीर जवळ करणे किंवा अर्भक मारणे एवढेच उरे. १८६० च्या दंड संहितेने गर्भपात गुन्हा ठरविला होता. पुण्यातील काशीबाई या ब्राह्मण विधवेने नवजात मूल मारले आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. गर्भ दोघांचा, शिक्षा एकटीला!

१८६३ साली फुले दांपत्याने स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तेथे गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे अथवा ठेवून जावे, अशी सोय होती. १८८४ पर्यंत पस्तीस विधवा आल्या. माईंनी त्यांची शुश्रूषा केली. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला आणि डॉक्टर केला. १८९७ च्या प्लेगात रुग्णसेवा करताना १० मार्च रोजी माई गेल्या.

ते गृह गर्भपाताचे नव्हते. परंतु अडलेल्या बाईला एकटे पडू न देणे, हे त्याचे मर्म होते.

१९७१ च्या कायद्याने ठरावीक अटींवर गर्भपाताची मुभा दिली. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे, नवऱ्याची सही लागत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने तिचे नाव उघड करणे शिक्षापात्र ठरले. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितेलाही चोवीस आठवड्यांपर्यंतच्या तरतुदीचा लाभ दिला. तरीही दवाखान्यात पहिला प्रश्न नवऱ्याचाच होतो! गर्भपातानंतर कोणी रडते, कोणाला सुटल्यासारखे वाटते. दोन्ही खरे आहे. त्याचा जाब मागणारे आपण कोण?

कायदा हक्क देतो, धीर माणसेच देतात. माईंच्या प्रतिमेला हार घालणाऱ्या आपण सर्वांनी स्वतःस विचारावे: उद्या आपलीच लेक अशी दारात उभी राहिली, तर आपण आधी जाब विचारणार, की तिला आत घेणार?