कामगारांचे पहिले पुढारी रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे

विहाराच्या वर्धापन दिनाच्या या स्मरणिकेत भगवान बुद्ध आणि बाबासाहेबांवर लिहिणारी जाणकार मंडळी पुष्कळ आहेत. आम्ही पडलो गिरणीतले माणूस. शाळा थोडी, बाकीचं वाचन साच्यावरून सुटल्यावर केलेलं. म्हणून आमच्याच पंक्तीतल्या एका थोर पुरुषाचं चरित्र आम्ही बांधवांपुढे ठेवीत आहोत.

नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यात एका गरीब फुलमाळी कुटुंबात झाला. घराणं मूळचं कन्हेरसरचं, म्हणजे आपल्या आंबेगावला लागून असलेल्या खेड तालुक्यातलं. इंग्रजी शिक्षण बेताचंच झालं. आधी रेल्वेत, मग पोस्टात नोकरी केली आणि पुढे मुंबईत मांडवीच्या एका कापडगिरणीत ते स्टोअरकीपर झाले. तिथं त्यांनी कामगारांचे हाल डोळ्यांनी पाहिले. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम, आठवड्याची सुटी नाही, पगाराची तारीख नक्की नाही आणि हात मशीनमध्ये गेला तर घरचा रस्ता.

महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला होता. लोखंडे त्याचे खंदे कार्यकर्ते झाले. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात ‘दीनबंधु’ पत्र सुरू केलं होतं, ते बंद पडलं. १८८० पासून लोखंड्यांनी ते मुंबईत चालवलं. तेव्हा देशी भाषेतल्या पत्रांचा गळा आवळणारा १८७८ चा कायदा लागू होता. तो पुढे लॉर्ड रिपनच्या काळात रद्द झाला. लिहिण्याचा हक्क कुठल्याही पुस्तकात नोंदलेला नव्हता, तरी या माणसाने शेतकरी आणि कामगारांची दुःखं छापली.

१८८४ साली त्यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन ही संघटना उभी केली. त्याच वर्षी सप्टेंबरात परळला कामगारांची सभा भरली आणि सुमारे साडेपाच हजार जणांनी सरकारला द्यायच्या अर्जावर सह्या केल्या. मागण्या साध्याच होत्या : रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार, जखमी झालेल्याला भरपाई. दगड उचलला नाही की काच फोडली नाही. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले, त्यात दोन स्त्रियाही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी कबूल केली. सहा वर्षं लागली, पण सनदशीर मार्गाने.

त्याच साली विधवांचं केशवपन करणार नाही म्हणून मुंबईच्या नाभिक बांधवांनी जो निर्धार केला, त्यामागेही लोखंडेच होते. १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांचा दंगा उसळला, तेव्हा त्यांनी राणीच्या बागेत एकोप्याची सभा घेतली. सरकारने त्यांना रावबहादूर केलं. प्लेगच्या साथीत रोग्यांची सेवा करताना त्यांनाच प्लेगने गाठलं आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते गेले. महिनाभराने, १० मार्चला, सावित्रीबाईही त्याच रोगाने गेल्या. २००५ साली भारत सरकारने लोखंड्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं.

आपला जुन्नर तालुकाही या चळवळीत मागे नव्हता. १८८४ च्या सुमारास ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी आपल्या घरची लग्नं भटजीवाचून लावली. जोशांनी फिर्याद केली, प्रकरण मुंबईच्या हायकोर्टापर्यंत गेलं आणि सत्यशोधकांची बाजू टिकली. आपल्या घरात कोणत्या विधीने लग्न लावायचं हे आपण ठरवायचं, एवढंच मागणं होतं. पण तेवढ्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली.

पुढे बाबासाहेबांनी १९३८ साली संपावर बंधनं आणणाऱ्या बिलाविरुद्ध ७ नोव्हेंबरला एक दिवसाचा संप घडवून आणला. मग राज्यघटना आली. कलम १९ ने बोलण्याचा, शस्त्राशिवाय शांततेने जमण्याचा आणि संघटना बांधण्याचा हक्क दिला. त्यावर वाजवी बंधनं आहेत, पण ती कायद्याने घालावी लागतात, कुणाच्या मर्जीने नव्हे. कलम २५ ने धर्म पाळण्याचं स्वातंत्र्य दिलं. १९५६ साली नागपूरला लाखो लोकांनी धम्म स्वीकारला, त्याच्या पाठीशी हे कलम होतं.

आम्ही बदली कामगार असताना गेटसभेत चार शब्द बोललो, तर आठ दिवस कामावर घेतलं नाही. तेव्हा घरात चूल कशी पेटली ते आमच्या मंडळींना ठाऊक. कायद्यात हक्क असतो, पण तो मागायला चार माणसं बरोबर लागतात, हे त्या आठ दिवसांत कळलं. पाचव्या दिवशी खात्यातले सगळे साहेबांच्या दारात शांतपणे उभे राहिले, म्हणून आम्ही परत साच्यावर गेलो.

ती गिरणी आता नाही, भोंगाही नाही. पण दर रविवारी आपण विहारात वंदनेला जमतो, तो रविवार लोखंड्यांनी मिळवून दिलेला आहे. जुन्नर-आंबेगावच्या तरुणांनी हे ध्यानात ठेवावं. वंदना झाल्यावर घटनेचं एखादं कलम मुलांना वाचून दाखवावं, एवढीच आमची नम्र विनंती आहे.

जय भीम!