अल्गोरिदम नावाचा माणूस

'अल्गोरिदम लिहा' हा प्रश्न आपल्याला नवा नाही. मला मात्र त्या शब्दात एक माणूस दिसतो : अल-ख्वारिझ्मी, म्हणजे ख्वारझमचे, आपल्या सातारकरांसारखंच! जन्म इ.स. ७८० च्या सुमाराचा. खलिफा अल-मामूनच्या बगदादमध्ये त्यांनी बीजगणितावर ग्रंथ लिहिला आणि भारतीय अंकांनी हिशेब कसा करायचा, तेही पायरीपायरीने समजावलं. अंकांचं हे पुस्तक मूळ अरबीत आज उरलेलं नाही; १२व्या शतकात ते लॅटिनमधून युरोपला कळलं. तिथे नावाचं 'अल्गोरिझ्मी' झालं आणि पुढे हिशेबाच्या पद्धतीलाच ते नाव पडलं. संख्येसाठीच्या ग्रीक 'अरिथ्मॉस'च्या वळणावर जाऊन इंग्रजीत 'अल्गोरिदम' झालं. फिनिश लोक 'अल्गोरित्मी' म्हणतात. शेवटचा 'ई' हा उसन्या शब्दांना लागणारा तिथला प्रत्यय, पण ऐकताना वाटतं, थेट त्यांनाच हाक मारतायत! पुस्तक गेलं, माणूस मात्र रोज आपल्या जर्नलमध्ये हजर असतो.