आकाशाचे अभ्यासक डॉ. वेणू बापू

मार्चच्या सुरुवातीला रात्री नऊच्या सुमारास नागपूरच्या एखाद्या मोकळ्या मैदानावर जा आणि दक्षिणेकडे पाहा. तुम्हांला अगस्त्य हा ठळक तारा दिसेल. उर्दूत त्याला सुहैल म्हणतात. त्याच्या डावीकडे, थोडा वर, गॅमा व्हेलोरम हा तारा आहे. हात लांब करून वीत ताणा. क्षितिजापासून तो साधारण तेवढाच वर असतो.

डोळ्यांना हा तारा एक दिसतो. पण तेथे दोन प्रचंड तारे एकमेकांभोवती फिरतात. त्यांपैकी एक आयुष्याच्या उतारावर आहे. त्याच्यातून वायूचा वारा सेकंदाला हजार किलोमीटरहून अधिक वेगाने बाहेर पडतो. सुमारे लाख वर्षांत सूर्याएवढे द्रव्य उडून जाईल, एवढा त्याचा जोर! असा वारा एकसारखा वाहत नाही. म्हणून अशा ताऱ्यांचे तेजही कमीजास्त होते.

या ताऱ्यांचा अभ्यास करणारे डॉ. वेणू बापू १० ऑगस्ट १९२७ रोजी मद्रासला जन्मले. वडील हैदराबादच्या निजामिया वेधशाळेत काम करत. तेथेच वेणूला ताऱ्यांचा छंद लागला. १९४९ मध्ये हैदराबाद सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेतील हार्वर्डला गेले. त्याच वर्षी त्यांनी दोन सहकाऱ्यांसह एक धूमकेतू शोधला. अमेरिकेत मोठ्या दुर्बिणी होत्या, मानही होता. तरीही ते १९५३ मध्ये मायदेशी परतले.

त्यांनी प्रथम नैनितालला वेधशाळा उभारली. नकाशात पाहा. नैनिताल नागपूरच्या जवळजवळ सरळ उत्तरेस आहे. उत्तरेकडे जावे तसे दक्षिणेचे तारे क्षितिजाकडे झुकतात. १९६० मध्ये बापू दक्षिणेत कोडाईकनालला गेले. तेथे गॅमा व्हेलोरम बराच उंच दिसतो. त्या जोडीच्या एका फेरीला सुमारे साडेअठ्ठ्याहत्तर दिवस लागतात, हे त्यांनी १९६७ मध्ये एका सहकाऱ्यासह दाखवून दिले.

पण कोडाईकनालला ढग फार. म्हणून त्यांनी तमिळनाडूतच कावलूर हे गाव निवडले. ते नागपूरच्या जवळजवळ सरळ दक्षिणेस आहे. तेथे १९६८ मध्ये ३८ सेंटिमीटरच्या छोट्या दुर्बिणीने काम सुरू झाले. मोठी दुर्बीण भारतातच घडवायची, हे बापूंचे स्वप्न होते. ती पूर्ण होण्याआधीच, १९ ऑगस्ट १९८२ रोजी, म्युनिक येथे त्यांचे निधन झाले. सहकाऱ्यांनी काम थांबवले नाही. १९८६ मध्ये कावलूरच्या त्या २.३४ मीटरच्या दुर्बिणीला बापूंचे नाव देण्यात आले.