न दुखलेली जखम

वैद्यकीय नोंदींनुसार आजवर झालेला सर्वांत उंच माणूस म्हणजे अमेरिकेचा रॉबर्ट वॉडलो. त्याची ८ फूट ११.१ इंच उंची अनेकांना ठाऊक असते. परंतु या उत्तुंग देहाचा घात घोट्यावरच्या एका लहानशा फोडाने केला, हे फारसे कुणाला माहीत नसते.

इलिनॉय राज्यातील ऑल्टन येथे २२ फेब्रुवारी १९१८ रोजी रॉबर्टचा जन्म झाला. जन्माच्या वेळी तो चारचौघांसारखाच होता. आईवडील आणि पुढे झालेली चार भावंडेही सर्वसाधारण उंचीची. रॉबर्ट मात्र पाचव्या वर्षी ५ फूट ४ इंचांवर आणि तेराव्या वर्षी ७ फूट ४ इंचांवर पोहोचला. मेंदूच्या तळाशी असणाऱ्या इवल्याशा पियुषिका ग्रंथीची अतिवाढ होऊन वाढीचे संप्रेरक बेसुमार स्रवत होते. या ग्रंथीवरील शस्त्रक्रिया त्या काळी अत्यंत जोखमीची होती आणि आजच्यासारखी औषधे उपलब्ध नव्हती. त्यामुळे त्याची वाढ अखेरपर्यंत थांबली नाही.

या विकाराचे परिणाम केवळ हाडांपुरते मर्यादित राहत नाहीत. मज्जातंतू आणि त्यांच्या सभोवतालच्या ऊती जाड होतात. मनगटात मज्जातंतू दाबला जाऊन बोटांना मुंग्या येतात, तर मधुमेह नसलेल्या रुग्णांच्याही हातापायांची संवेदना मंदावू शकते. रॉबर्टच्या पावलांतील संवेदना अशीच क्षीण झाली होती. शरीराचा अवाढव्य भार पेलण्यासाठी पायांना धातूचे आधार बांधावे लागत आणि चालताना हाती काठी असे. बूट कुठे चावतो, आधार कुठे घासतो, याची वर्दी मात्र त्याचे पाय त्याला देत नव्हते.

स्वभावाने तो सौम्य आणि स्वाभिमानी होता. १९३६ मध्ये शालेय शिक्षण पूर्ण करून त्याने वकिलीच्या ओढीने महाविद्यालयात प्रवेश घेतला. पण ते शिक्षण अर्धवटच राहिले. रिंगलिंग बंधूंच्या सर्कशीत तो गेला तो साध्या पोशाखात, मुख्य रिंगणात उभे राहण्याच्या अटीवर. विचित्र माणसांच्या तंबूत बसण्यास त्याने नकार दिला. पुढे ४७ सेंटिमीटर लांबीचे त्याचे बूट बनविणाऱ्या कंपनीच्या प्रचारासाठी तो वडिलांसह गावोगाव फिरला. त्यासाठी मोटारीतील पुढचे आसन काढून मागे बसलेल्या रॉबर्टच्या पायांना जागा करून दिलेली असे. एका डॉक्टरने १९३७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात त्याचे अनुदार चित्र रंगविले, तेव्हा त्याने न्यायालयाचे दार ठोठावले. परंतु त्याला यश आले नाही.

२७ जून १९४० रोजी त्याची उंची अखेरची मोजली गेली. त्यानंतर आठवडाभरातच, ४ जुलैला, मिशिगनमधील मॅनिस्टी येथील उत्सवात तो सहभागी झाला. पायाचा आधार नीट बसला नव्हता. त्याच्या घर्षणाने घोट्यावर फोड आला. पण ज्या पायांना वेदनाच पुरेशी जाणवत नव्हती, त्यांनी वेळीच सावध कसे करावे? फोड चिघळला, जंतुसंसर्ग पसरला आणि ताप चढला. रक्त देण्यात आले, शस्त्रक्रियाही झाली. पण पेनिसिलीन रुग्णांपर्यंत पोहोचण्यास अद्याप अवकाश होता. १५ जुलैच्या पहाटे झोपेतच त्याचे निधन झाले. तेव्हा तो अवघा २२ वर्षांचा होता.

अंत्यसंस्काराच्या वेळी ऑल्टनमध्ये हजारोंची गर्दी लोटली. मृत्यूनंतरही आपल्या मुलाचे प्रदर्शन मांडले जाऊ नये, या धास्तीने कुटुंबीयांनी कबर काँक्रीटने बंदिस्त केली आणि त्याच्या बहुतेक वस्तू नष्ट केल्या. गावात उभारलेला त्याचा पूर्णाकृती पुतळा आजही पाहायला मिळतो.

आता हे संप्रेरक शस्त्रक्रियेने व औषधांनी बहुतांशी आटोक्यात आणता येते. तरीही बधिर पायाचा धोका टळलेला नाही. मधुमेहींना रोज आपली पावले तपासण्यास सांगितले जाते ते याच कारणाने. वेदना ही नकोशी वाटणारी गोष्ट खरी. पण तिचा पहारा उठला की काय घडते, हे या बावीस वर्षांच्या आयुष्याने दाखवून दिले.