रक्ताची पारख

फार रक्त गेलेल्या माणसाच्या अंगात दुसऱ्याचे रक्त भरावे, म्हणजे त्याचे प्राण वाचतील, ही कल्पना पुष्कळ जुनी आहे. इ. स. १६६७ मध्ये फ्रान्समधील झाँ देनी ह्या वैद्याने एका मुलाच्या शरीरात कोकराचे रक्त सोडले होते. पुढे १८१८ च्या सुमारास लंडनच्या जेम्स ब्लंडेल ह्यांनी माणसाचे रक्त माणसाला देण्यास आरंभ केला. प्रसूतीच्या वेळी रक्तस्रावाने मरणोन्मुख झालेल्या स्त्रिया पाहून त्यांना हा मार्ग सुचला होता. परंतु ह्या उपायाचा भरवसा नसे. एक रोगी डोळे उघडून बोलू लागे, तर दुसऱ्याला हुडहुडी भरे, पाठीत कळा येत, लघवी काळपट होई आणि तो दगावे. वैद्य तोच, साधने तीच, काळजीही तीच. मग एकाला जे अमृत ठरले, ते दुसऱ्याला विष का व्हावे, हे कोणालाच उमगत नव्हते. ह्या कोड्याचा उलगडा व्हिएन्ना नगरीतील एका अबोल संशोधकाने केला. त्याचे नाव कार्ल लँडस्टायनर.

कार्लचा जन्म १४ जून १८६८ रोजी ऑस्ट्रियात झाला. वडील लिओपोल्ड हे नामांकित पत्रकार होते. पण कार्ल अवघा सहा वर्षांचा असतानाच ते वारले. आईने मोठ्या मायेने त्याला वाढविले. आईवर त्याची इतकी भक्ती होती, की तिच्या निधनानंतर तिच्या चेहऱ्याचा ठसा त्याने जन्मभर आपल्या खोलीतील भिंतीवर जपून ठेवला.

१८९१ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठातून ते डॉक्टर झाले. एखाद्याने दवाखाना थाटला असता. लँडस्टायनर मात्र पुन्हा विद्यार्थी झाले आणि पाच वर्षे रसायनशास्त्र शिकत राहिले. त्यांच्या गुरूंमध्ये एमिल फिशर ह्यांच्यासारखे थोर रसायनशास्त्रज्ञ होते. शरीरातील घडामोडींचे मूळ रसायनांत शोधण्याची त्यांची दृष्टी ह्या काळात घडली. नंतर व्हिएन्नाच्या शवचिकित्सा विभागात दहा वर्षे काम करताना त्यांनी ३,६३९ शवांची तपासणी केली.

एका माणसाच्या रक्तातील तांबड्या पेशी दुसऱ्याच्या रक्तजलात मिसळल्या, तर कधी कधी त्या एकमेकींना चिकटून त्यांचे पुंजके होतात, हे त्या वेळी ठाऊक झाले होते. परंतु हे रोगाचे लक्षण असावे, असा पुष्कळांचा समज होता. निरोगी माणसांच्या रक्तातही असे घडते काय, हा साधा प्रश्न लँडस्टायनर ह्यांनी विचारला, आणि तेथेच त्यांचे वेगळेपण दिसून आले.

त्यांनी स्वतःचे आणि प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांचे रक्त घेतले. सर्व मिळून माणसे बावीस. रक्त काही वेळ स्थिर ठेवले, की ते गोठते आणि वर पिवळसर पाणी सुटते; तेच रक्तजल. प्रत्येकाचे रक्तजल आणि प्रत्येकाच्या तांबड्या पेशी वेगळ्या करून त्यांनी एकाचे थेंब दुसऱ्याशी मिसळले आणि कोठे पुंजके होतात, कोठे होत नाहीत, ह्याचा तक्ता मांडला. स्वतःचे रक्तजल स्वतःच्या पेशींना कधीच बाधत नव्हते. इतरांच्या बाबतीत मात्र निकाल वेगवेगळे होते, तरी त्यांत एक शिस्त होती. माणसांचे तीन गट पडत होते. त्यांना त्यांनी ए, बी आणि सी अशी नावे दिली. सी गटाला पुढे ओ म्हणू लागले. हा निबंध १९०१ मध्ये प्रसिद्ध झाला. एबी हा चौथा गट पुढच्याच वर्षी त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला. अशी माणसे थोडी असल्यामुळे पहिल्या बावीस जणांत एकही आढळले नव्हते.

तक्त्याचा अर्थ असा : तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर ए किंवा बी ही खूण असते, दोन्ही असतात, अथवा एकही नसते. जी खूण आपल्या पेशींवर नाही, तिच्यावर चालून जाणारी द्रव्ये आपल्या रक्तजलात असतात. म्हणून ए गटाच्या रोग्याला बी गटाचे रक्त दिले, की त्या परक्या पेशींचा नाश होतो आणि रोगी संकटात सापडतो. वैद्यांच्या हातात दोष नव्हता. दोन रक्तांचे जमत नव्हते इतकेच.

एवढा मोठा शोध, पण जगाने त्याची दखल सावकाश घेतली. १९०७ मध्ये न्यूयॉर्कच्या रूबेन ऑटेनबर्ग ह्यांनी आधी रक्त जुळवून पाहून मग ते रोग्याला देण्याची पद्धत सुरू केली. लँडस्टायनर तोवर दुसऱ्या कामात गढले होते. पोलिओ हा रोग जंतूंहूनही सूक्ष्म अशा विषाणूमुळे होतो, हे त्यांनी एर्विन पॉपर ह्यांच्या साहाय्याने १९०८–०९ मध्ये दाखविले.

पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नात अन्नाची व इंधनाची टंचाई झाली. संशोधन अशक्य झाल्यामुळे त्यांनी मायदेश सोडला. हॉलंडमधील हेग येथील एका लहान रुग्णालयात लघवी-रक्ताच्या नित्य तपासण्या करून ते पोट भरू लागले. उरलेल्या वेळात संशोधन चालूच होते. अखेरीस न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेने त्यांना बोलावून घेतले. १९३० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या प्रसंगीच्या व्याख्यानात ते रक्तगटांपाशी थांबले नाहीत. एकाची त्वचा दुसऱ्याच्या अंगावर टिकत नाही, ह्याच्या मुळाशीही असेच रासायनिक भेद असावेत, हा विचार त्यांनी मांडला.

१९४० मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, अलेक्झांडर वीनर ह्यांच्याबरोबर त्यांनी रक्तातील ऱ्हीसस घटक जाहीर केला. काही नवजात बालके आईच्या रक्तातील द्रव्यांमुळे का दगावतात, हे त्यावरून कळले. जून १९४३ मध्ये प्रयोगशाळेत काम करीत असतानाच त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि २६ जून रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांचा तर्क पुढे खरा ठरला. १९५८ मध्ये फ्रान्सच्या झाँ दोसे ह्यांनी पांढऱ्या पेशींवरही अशा खुणा असतात, हे दाखविले. त्या शरीरातील बहुतेक पेशींवर असतात. म्हणून मूत्रपिंड दुसऱ्याला देण्यापूर्वी आज रक्तगट पाहतात, ह्या खुणा जुळवितात आणि शेवटी रोग्याचे रक्तजल दात्याच्या पांढऱ्या पेशींत मिसळून पाहतात. पेशी मेल्या, तर ते मूत्रपिंड त्या रोग्याला सहसा चालत नाही.

रक्ताच्या पारखीत मुंबईचेही नाव आहे. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तेथे तीन माणसांच्या रक्तात एक नवल आढळले. नेहमीच्या तपासणीत ते रक्त ओ गटाचे भासे. पण त्यांचे रक्तजल ओ गटाच्या पेशींचेही पुंजके करी. ओ गटाच्या पेशींवरही असणारी एक मूळ खूण त्यांच्या पेशींवर नव्हती. ह्या गटाला जगभर बॉम्बे रक्तगट म्हणतात. अशा माणसाला रक्त लागले, तर त्याच दुर्मिळ गटाचा दाता शोधावा लागतो.